मागच्यासारखीच द्या

मराठवाड्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना आणि ग्रंथनिवड समित्यांना खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, कार्यवाह आणि समित्यांचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाईला राहते. एसटीत वाहक आहे, सोळा वर्षं झाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गावांतून माझी गाडी जाते. ड्युटी बदलली की माझं वाचनालय बदलतं, त्यामुळं तुमच्यातल्या पाच-सहा ग्रंथालयांची मी कधी ना कधी सभासद झालेली आहे. अनामत भरलेल्या पावत्या अजून जपून ठेवल्यात.

वाचायची सवय आईची. ती स्वतः कधी वाचनालयाची पायरी चढली नाही, तरी आठवड्याला दोन कादंबऱ्या वाचायची. मी तिसरीत गेले तेव्हापासून त्या आणायचं काम माझ्याकडं आलं. कापडी पिशवीत वाचून झालेली दोन पुस्तकं आणि मुठीत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ना पुस्तकाचं नाव, ना लेखिकेचं. नुसतं लिहिलेलं असायचं, 'मागच्यासारखीच द्या.' ग्रंथपाल काका चिठ्ठी वाचायचे, परत आलेली पुस्तकं उलटीपालटी करून बघायचे, आत जायचे आणि दोन पुस्तकं आणून माझ्या पिशवीत ठेवायचे. आठ वर्षांत एकदाच त्यांचा अंदाज चुकला. कुठल्याशा लढाईवरचं जाडजूड पुस्तक दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन परत गेले, तेव्हा चिठ्ठीत दोनच शब्द होते, 'असलं नको.'

मागच्यासारखी म्हणजे कशी, हे मला पुढं कॉलेजात गेल्यावर, आईच्या उशाशी बसून तीच पुस्तकं वाचताना कळलं. गोष्ट बाईची पाहिजे. तिच्यापुढं अडचण पाहिजे, मग ती सासरची असो, नोकरीची असो की तिच्या स्वतःच्या मनाची. प्रेम असलं तर चांगलंच. आणि पुस्तक मिटताना ती बाई उभी दिसली पाहिजे, पडलेली नाही. इंग्रजीत या गोष्टींना वेगवेगळी नावं आहेत. प्रेम मधोमध असेल आणि शेवट आशेचा असेल तर ती रोमान्स. बाईचा आयुष्यातला प्रवास मधोमध असेल, प्रेम असो वा नसो, तर ती स्त्रीकेंद्री कादंबरी. आईला ही नावं ठाऊक नव्हती, पण या दोन्हींतला फरक तिला नेमका कळायचा. लग्नसराईत, कामानं अंग मोडलेलं असताना, ती पहिली मागायची. दुसरी पावसाळ्यात, वेळ असताना.

आता तुम्हाला पत्र लिहायचं कारण सांगते.

गेल्या उन्हाळ्यात माझी गाडी एका तालुक्याच्या गावी दीड तास थांबायची. ऊन टाळायला मी तिथल्या वाचनालयात जाऊन बसायचे. एके दिवशी व्हरांड्यात सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे दिसले. 'जीर्ण झाल्यात ताई, बाद केल्यात. रद्दीवाला येणारय,' तिथल्या दादांनी सांगितलं. मी एक गठ्ठा सोडून बघायची परवानगी मागितली, त्यांनी दिली. सगळ्या कादंबऱ्या. बहुतेक बायकांनी लिहिलेल्या. मागच्या पानाला चिकटवलेली तारखांची पट्टी भरलेली, तिच्यावर दुसरी चिकटवलेली, ती भरली म्हणून तिच्यावर तिसरी. एका पुस्तकावर मी चार पट्ट्या मोजल्या. शिक्क्यांवर शिक्के. पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या, मध्येच हळदीचा डाग, एका पानावर कुणाच्या तरी लेकरानं पेन्सिलनं ओढलेल्या रेघा. म्हणजे ते पुस्तक ज्या घरी गेलं तिथं ते चुलीजवळ, लेकराजवळ, हातातलं काम न सोडता वाचलं गेलं होतं.

मग आत गेले आणि या पुस्तकांची कपाटात रिकामी झालेली जागा बघितली. तिथं नवी पुस्तकं आली होती. एकेक काढून शेवटचं पान उघडलं. कोऱ्या पट्ट्या. काही तीन वर्षांपूर्वीच दाखल झालेली, तरी कोरी. ती वाईट पुस्तकं आहेत असं मी म्हणत नाही, त्यातली दोन मी नंतर वाचली आणि मला आवडली. पण चार पट्ट्या भरलेलं पुस्तक रद्दीत गेलं आणि त्याच्यासारखं दुसरं आलं नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. रात्री झोप आली नाही.

जीर्ण पुस्तक बाद करावं लागतं, हे मला समजतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बाद करताना शेवटची पट्टी बघा. पुस्तक वाळवीनं खाल्लं असेल तर ती गोष्ट वेगळी. वाचून वाचून फाटलं असेल, तर त्याची नवी प्रत घ्या. प्रत बाजारात नसेल, आणि या लेखिकांच्या बाबतीत बऱ्याचदा नसतेच, तर त्याच तऱ्हेचं आजचं पुस्तक घ्या. मागच्यासारखंच.

पैसा नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. अनुदान वेळेवर येत नाही, सेवकांच्या पगाराचे हाल होतात, हे मी तुमच्याच टेबलापाशी बसून ऐकलंय. तरीही महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ पासून आहे, अ, ब, क, ड दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं, आणि त्यातला हिस्सा ग्रंथखरेदीवरच खर्च करावा लागतो. आपल्या भागात तर त्याच्याही आधी, आपण हैदराबाद राज्यात होतो तेव्हा, १९५५ चा ग्रंथालय कायदा होता. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना पुस्तकरूपानं मदत करतंय. म्हणजे थोडी का होईना, खरेदी दरवर्षी होते. त्या थोड्यातलं काय घ्यायचं, हे तुम्ही ठरवता. म्हणून पत्र शासनाला लिहिलं नाही, तुम्हाला लिहिलं.

एका ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत मी हे उभं राहून विचारलं होतं. सभेत बायका आम्ही दोघीच. उत्तर मिळालं, 'ताई, वाचनालयाचा म्हणून एक दर्जा असतो. असलं हलकंफुलकं किती घ्यायचं?' बोलणारे गृहस्थ वयानं मोठे होते, वाचनालयासाठी त्यांनी आयुष्य घातलंय, म्हणून तिथं मी गप्प बसले. निजामाच्या राजवटीत दरबार उर्दूचा, शाळा उर्दूच्या, त्या काळात मराठी वाचनालय चालवणं म्हणजे भाषा जिवंत ठेवणं होतं. त्या पिढीनं ग्रंथ जमवले म्हणून मी आज मराठीत वाचतेय. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण 'दर्जा' हा शब्द मी त्या दिवशी घरी घेऊन आले, आणि त्याचं उत्तर मला पैठणला सापडलं.

तुमच्यातल्या अनेकांना ही गोष्ट ठाऊक असेल, तरी सांगते. कथासरित्सागराच्या सुरुवातीलाच ती आहे. पैठणचा सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमली आणि म्हणाली 'मोदकैः', म्हणजे 'मा उदकैः', पाणी उडवू नका. राजाला व्याकरणातला हा संधी कळला नाही, त्यानं मोदक मागवले. राणी हसली. तो एवढा खजील झाला की त्यानं संस्कृत शिकायचं मनावर घेतलं. दरबारात दोन पंडित होते. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. असं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज गुणाढ्यानं लावली आणि तो हरला. मग रानात जाऊन त्यानं पैशाची नावाच्या, पिशाचांच्या मानल्या जाणाऱ्या भाषेत सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. ती राजाकडं पाठवली. राजानं परत पाठवली. कारण काय, तर भाषा पिशाचांची आणि अक्षरं रक्ताची.

गुणाढ्यानं डोंगरावर आग पेटवली. एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, रानडुकरं, पाखरं चरायचं सोडून भोवती बसली आणि डोळ्यांतून पाणी काढत ऐकू लागली. इकडं राजवाड्यात शिजणारं मांस सुकं लागायला लागलं, राजाची प्रकृती बिघडली. चौकशी केली तेव्हा कळलं, जनावरं खातच नाहीत, गोष्ट ऐकतायत. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या लाखभरात नरवाहनदत्त या राजपुत्राची कथा होती. तिच्याच परंपरेतून काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागर रचला, तो राणी सूर्यमतीचं मन रमावं म्हणून.

हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. दर्जा नाही म्हणून परत पाठवलेली ही गोष्ट आपल्या गोदाकाठची. तिची सुरुवात राजापेक्षा जास्त व्याकरण जाणणाऱ्या बाईच्या हसण्यानं होते, आणि जे उरलं ते एका बाईला वाचता यावं म्हणून पुन्हा लिहिलं गेलं. आणि त्या नरवाहनदत्ताच्या कथेत आहे तरी काय? भरलेली नगरं, बाजार, व्यापारी, राजवाडे, आणि त्यांच्यातच आकाशातून उतरणारे विद्याधर, माणसाच्या प्रेमात पडणाऱ्या विद्याधरी. याच तऱ्हेचं पुस्तक माझ्या मुलीनं तुमच्यातल्या एका ग्रंथालयात मागितलं, तेव्हा तिला बालविभाग दाखवण्यात आला.

मुलगी संभाजीनगरला फार्मसीला आहे. ती अर्बन फँटसी वाचते, इंग्रजीत, कारण मराठीत हाताला लागत नाही. मला ते नाव कळेना. एकदा सुट्टीला आली तेव्हा रात्री भांडी घासताना विचारलं, 'म्हणजे काय गं नेमकं?'

'मम्मी, शहर आपल्यासारखंच असतं. बस, पोलीस चौकी, घराचं थकलेलं भाडं. पण त्याच शहरात अजून एक जग चालू असतं, ते सगळ्यांना दिसत नाही. ज्या मुलीला दिसतं तिची गोष्ट.'

'आणि ती मुलगी काय करती?'

'काम करती. कुणी गॅरेजमध्ये, कुणी पुस्तकाच्या दुकानात. रात्री त्या दुसऱ्या जगातली भांडणं निस्तरती.'

मी म्हटलं, 'अगं, मग ही तर आसरांची गोष्ट झाली.'

साती आसरा काय आहेत, हे मराठवाड्यात सांगायला लागत नाही. पाण्यात राहणाऱ्या सात देवता, विहिरीच्या काठी, बारवेत, नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले त्यांचे सात दगड. आजी विहिरीवर पहिला पोहरा सोडण्याआधी हात जोडायची. बाळंतीण पाण्यावर गेली की हिरव्या बांगड्या आणि खण ठेवायची. पुढं विहिरी आटल्या, बोअर पाडले, बोअरही आटले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. तेव्हा मी रोज लातूरची ड्युटी करत होते. टँकरपुढं घागरींच्या रांगा, रात्री दोनला बायका नळापाशी बसलेल्या. त्या रात्री त्या आसरा कुठं होत्या? आटलेल्या विहिरीच्या तळाशी बसून राहिल्या, की पाण्याच्या मागं शहरात आल्या? वॅगनमधून उतरलेलं पाणी दुसऱ्या नदीचं होतं, मग त्याच्याबरोबर दुसऱ्या आसरा आल्या असतील तर त्या दोघींचं जमलं का? रांगेतल्या एखाद्या मुलीला त्या दिसल्या असतील का? ही कादंबरी मला वाचायची आहे. मी ती तुमच्या कपाटात शोधतेय.

संभाजीनगरची गोष्ट तर मुलीनंच मला रचून सांगितली. बावन्न दरवाजांचं शहर, त्यातले बरेच पडले. पडलेल्या दरवाजांतून अजून कुणीतरी येत-जात असतं, असं ती म्हणते. पायाखाली मलिक अंबरनं बांधलेल्या नहरीचे, म्हणजे भुयारी कालव्याचे, जुने नळ, पाणचक्कीकडं डोंगरातून आलेलं पाणी, देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. एका शहराखाली दुसरं शहर आहेच आपल्याकडं, तिथं कुणाला राहायला पाठवायचं तेवढं बाकी आहे. ज्या मुलांच्या डोक्यात अशा गोष्टी येतात त्यांना वाचायला लंडन आणि शिकागोच मिळतं. लंडन वाचावं, मी आडवी येत नाही. पण दिल्ली दरवाजासुद्धा मिळावा.

बायकांचं वाचन हा बाजूचा विषय आहे, असं धरून आपण चालतो. मराठीतली पहिली म्हणून जिचं नाव घेतात ती कादंबरी, १८५७ ची यमुनापर्यटन, विधवांच्या हालांवर आहे. आद्य कवयित्री महदंबेचे धवळे लग्नात म्हणायचे, आणि त्यांचा विषय कृष्ण-रुक्मिणीचं लग्न. स्वतः निरोप धाडून आपला वर निवडणाऱ्या मुलीची ती गोष्ट. जात्यावर बसून आमच्या आज्या-पणज्यांनी काय गायलं ते तुम्ही अभ्यासक्रमात लावता, त्यावर परिसंवाद घेता. त्याच बाईच्या नातीनं कादंबरी मागितली की ती हलकी कशी होते?

गाडीत मला रोज वाचणाऱ्या बायका भेटतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून एकट्या प्रवास करणाऱ्या वाढल्यात, हे मला तिकीट मशीन न बघताही सांगता येतं. त्यातल्या कितीतरी जणी खिडकीशी बसून मोबाईलवर गोष्टी वाचतात, प्रतिलिपीसारख्या ॲपवर. रोज एक भाग, पुढचा भाग कुलपात, उद्या उघडेल किंवा पैसे भरा. मागच्या दिवाळीच्या आधी परळी-अंबाजोगाई गाडीत एक आशाताई शेजारच्या मावशींना अशीच गोष्ट हळू आवाजात वाचून दाखवत होत्या. मावशींना वाचता येत नव्हतं. गोष्टीतली सून माहेरी निघून आली होती आणि नवरा दाराशी उभा होता. तिथंच भाग संपला.

'पुढं?' मावशी.

'पुढचं उद्या उघडतंय.'

'उद्या तू कुठं असशील अन् मी कुठं!' मावशी म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळल्या, 'बाई, ही गोष्ट सबंध पुस्तकात मिळती का वो?'

मला उत्तर देता आलं नाही. स्टँडपासून दहा मिनिटांवर वाचनालय होतं.

'असल्या गोष्टी वाचून पोरी बिघडतात,' हेही मी ऐकलंय, आणि याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत पोरीचं लग्न लवकर उरकून टाकतात, हे मी कुणाला सांगायला नको. कोयत्यावर नवरा-बायकोची जोडी लागते. पोरीला मागं एकटं ठेवायची भीती वाटते. अशा लग्नात तिला कुणी काही विचारत नाही. 'तुला काय पाहिजे?' हा प्रश्न एका पुरुषानं एका बाईला विचारलेला मी पहिल्यांदा पाहिला तो कादंबरीत, सोळाव्या वर्षी. घरात पाहिला नव्हता, शेजारीपाजारी पाहिला नव्हता. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा बघायला आला, आणि मी घरच्यांना सांगून त्याच्याशी दहा मिनिटं बोलले. नोकरी करू देणार का, हे मीच विचारलं. ते धाडस मला कुठून आलं हे मला चांगलं ठाऊक आहे. ते आईच्या कापडी पिशवीतून आलं.

सगळ्या प्रेमकथा चांगल्या असतात असं मी म्हणणार नाही. मोबाईलवर अशाही गोष्टी येतात ज्यात नायक नायिकेला थोबाडीत मारतो आणि चौथ्या भागात ती त्याच्या प्रेमात पडते. तिला कोंडून ठेवणं म्हणजे जीव लावणं, असं लिहिलेलं असतं. मला त्यांचा राग येतो. पण म्हणूनच तर निवड करणारं माणूस पाहिजे. अशा पन्नास गोष्टींतली बरी कुठली, हे ज्या बाईनं त्या वाचल्यात तिलाच कळतं. ग्रंथनिवड समितीत ती बाई असली पाहिजे. प्राध्यापक असाव्यात, जरूर असाव्यात, पण त्यांच्याबरोबर एक शिवणकाम करणारी, एक अंगणवाडीताई, एक कॉलेजातली मुलगी पण घ्या. वर्षातून दोनदा बैठक, चहा आम्ही घेऊन येऊ.

आणि 'महिला विभाग' अशी पाटी असलेलं ते कपाट. मी जिथं जिथं गेले तिथं तिथं ते उघडून पाहिलंय. पाककृती, रांगोळी, मेंदी, व्रतवैकल्यं, बाळाचं संगोपन. या पुस्तकांनाही वाचक आहेत, ती काढू नका. पण माझ्या आईनं आठ वर्षांत स्वयंपाकाचं पुस्तक एकदाही मागितलं नाही. स्वयंपाक तिला येत होता. ती दिवसभर तेच करत होती. तिला त्यातून तासभर बाहेर कुठंतरी जायचं होतं.

वेळेचंही बघा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, बहुतेक ठिकाणी हीच वेळ. या दोन्ही वेळांना बाई चुलीपुढं असते किंवा डबे भरत असते. दुपारी एक ते चार तिला सवड असते, तेव्हा तुमच्या दाराला कुलूप असतं. आठवड्यातून एक दिवस, फक्त एक, दुपारी उघडा. सेवक कमी आहेत, मानधन तुटपुंजं आहे, हे धरूनच मी एक दिवस म्हणतेय. गरज पडली तर माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी येऊन देवघेव सांभाळीन. गाडीत तिकिटं फाडते तर पुस्तकांच्या नोंदीही करीन.

जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो तेव्हा व्यासपीठावर संत साहित्य, ग्रामीण साहित्य, बालसाहित्य यांचे परिसंवाद होतात. एक सत्र या कादंबऱ्यांचं ठेवा. लेखिका लांबून बोलावता आल्या नाहीत तर वाचणाऱ्या बायकांना बोलवा. त्यांनी काय वाचलं, का वाचलं, कुठं रडल्या, कुठलं पुस्तक अर्धवट टाकलं, एवढंच सांगू द्या. आणि आसरांची, दरवाजांची, नहरीची कादंबरी कुणी लिहिली असेल, एखाद्या मुलीनं वहीत लिहिलेली का असेना, तर तिचं पहिलं वाचन तुमच्या सभागृहात होऊ द्या.

शेवटी एक काम तुमच्याकडं घेऊन आलेय, ते करून द्यावं.

आई गेल्यावर तिच्या पेटीत एक कादंबरी सापडली. वाचनालयाचीच होती, बाद केलेली. तिनं ती रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं घेतली होती, हे मला मामीकडून कळलं. मुखपृष्ठ नाही, शीर्षकाचं पान नाही, शेवटची दहा-बारा पानं गळालेली. कोणाची कादंबरी, तिचं नाव काय, हे आता कुठून कळणार? कथा एका शिक्षिकेची आहे, बदली होऊन एकटी खेड्यात आलेली. पण गळालेल्या पानांच्या जागी आईनं वहीचे रेघांचे कागद शिवून लावलेत, सुई-दोऱ्यानं, आणि त्यांवर शेवट लिहून ठेवलाय. पुस्तक धड होतं तेव्हा तिनं ते किती वेळा वाचलं असेल कुणास ठाऊक. तिला तो शेवट आठवत होता. सहा पानं, शाईच्या पेननं, ओळी सरळ. एका जागी तिनं खोडून पुन्हा लिहिलंय. शिक्षिका परत जाणाऱ्या गाडीत बसत नाही, एवढं ते वाक्य आहे.

हे पुस्तक मला ग्रंथालयाला द्यायचं आहे. मी एका ठिकाणी घेऊन गेले, तर तिथल्या दादांना प्रश्न पडला की दाखल नोंदवहीत पुस्तकाचं नाव काय लिहायचं आणि लेखकाच्या रकान्यात कुणाचं. त्यांचा प्रश्न बरोबर होता, माझ्याकडंही उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी जे ग्रंथालय त्याची बांधणी करून त्याला दाखल क्रमांक देईल, कोरी तारखांची पट्टी लावील आणि बाहेर, हात पोचेल अशा कपाटात ठेवील, त्यांना मी ते आणून देईन. त्या रकान्यात काय लिहायचं ते आपण समोरासमोर बसून ठरवू.

आपली नम्र,
एक सभासद,
अंबाजोगाई